भोंगा वाजला त्या दुपारी

वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यापासून दूर, एका लहानशा बेटावर आम्ही तीन वर्षं काढली. नवरा डॉक्टर. जिथं कुणी डॉक्टर जायला तयार नसतो तिथं तेवढी वर्षं काम केलं, तर या देशात राहता येईल, अशी त्याच्या व्हिसाची अट होती. बेटावर साठ-सत्तर घरं, एक दुकान, टेकडीवर शाळा. फेरी बोट आठवड्यातून दोनदा. आमचं घर अगदी पाण्याला लागून. सुरुवातीला मला त्याचं केवढं कौतुक!

दोन हजार चारच्या डिसेंबरात टीव्हीवर त्सुनामी पाहिली आणि ते कौतुक संपलं. नंतर बेटावरही भोंगा बसवला. सलग वाजत राहिला, तर हातातलं टाकून टेकडी गाठायची, असं सरकारी माणसं घरोघरी सांगून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई नागपूरहून आल्या. गुडघे गेलेले, वॉकरशिवाय पाऊल उचलत नसे. त्या दिवशी नवरा एका पेशंटला घेऊन बोटीनं पलीकडच्या गावी गेला होता, आमची एकुलती गाडीही धक्क्यावर ठेवून. दुपारी मी पोळ्या लाटत होते आणि भोंगा सुरू झाला. थांबेल म्हणून वाट पाहिली. थांबेना.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, उठा. पाणी येणार आहे म्हणे."

त्यांनी खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. मग खुर्चीत नीट टेकून बसल्या. "मला टेकडी जमायची नाही. तू पोरीला घेऊन नीघ."

"असं काय बोलता?"

"वेळ घालवू नकोस. जा म्हणते ना!"

आणि मी गेले. चार वर्षांच्या लेकीला कडेवर घेतलं, अनवाणीच बाहेर पडले आणि पळत सुटले. मागं वळून पाहिलं नाही. लेक माझ्या खांद्यावरून घराकडे बघत विचारत होती, "आजी इज नॉट कमिंग?" पाणी आल्याचा आवाज कसा असेल, तो भोंग्यात ऐकू तरी येईल का, एवढंच डोक्यात.

वळणावर शेजारच्या म्हाताऱ्या कोळ्याचा पिकअप दिसला. सगळे वर निघालेले, हा एकटा खाली येत होता.

"तुमच्या घरातली म्हातारी कुठाय?" त्यानं ओरडून विचारलं.

मी नुसतं घराकडे बोट दाखवलं. तो खाली गेला. मी तिथंच उभी राहिले. पुढे जाववेना, मागे फिरण्याची हिंमत होईना.

दहा मिनिटांत पिकअप वर आला. सासूबाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या, पदर घट्ट लपेटून. त्यानं त्यांना उचलून गाडीत बसवलं होतं.

शाळेच्या अंगणात सगळं बेट जमलं होतं. सगळ्यांचे डोळे समुद्रावर. दोन तास तसेच गेले. मग इशारा मागे घेतल्याचं रेडिओवर सांगितलं. लाट आलीच नाही.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तो रडकुंडीला आला होता. सासूबाईंनी रिसीव्हर माझ्या हातून घेतला.

"अरे, काही झालं नाही. सूनबाई मला सोडून जायला तयारच नव्हती. शेवटी शेजारी गाडी घेऊन आला, तेव्हा निघालो सगळे."

मी ओट्याशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोन ठेवून म्हणाल्या, "पोरीला भूक लागली असेल. वरण-भाताचं बघ."

मी कुकर लावला. नवऱ्याला खरं काय ते मी कधीच सांगितलं नाही. पुढे आम्ही वाळवंटातल्या चँडलर शहरात आलो, समुद्रापासून लांब. सासूबाई आता नाहीत. मी पळत असताना त्या एकट्या खुर्चीत बसून काय करत होत्या, हे त्यांना विचारायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.