दोन बोटं सोडून

काठीच्या टोकाला निळा खडू घासून झाला की सर त्यावर फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "आधी टेबल वाचायचं राव. मग हात लावायचा." पहिले तीन आठवडे आम्ही टेबल वाचलं. दुसरं काहीच केलं नाही.

दोन हजार सालाच्या आगेमागे माझा मावसभाऊ दिनकर याने मंचरमध्ये पूल, म्हणजे काठीने चेंडू भोकात घालायच्या खेळाचं, पार्लर काढलं. पुण्याहून जुनं टेबल टेम्पोत घालून आणलं आणि बंद पडलेल्या दूध संकलन केंद्राच्या खोलीत मांडलं. शिकवायला सर. पुण्यातल्या कुठल्याशा क्लबात त्यांनी दहा वर्षं काढलेली, म्हणून ते प्रोफेशनल. तिथे ते खेळत होते की चहा देत होते, हे विचारायचा आगाऊपणा आम्ही केला नाही.

सरांचा सिद्धांत दोन बोटांचा. चेंडू भोकाकडे सरळ मारायचाच नाही. जाताना दोन बोटं उजवीकडे, येताना दोन बोटं डावीकडे. माझं पंप दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे कारण विचारायची खोड. सर शांतपणे म्हणाले, "पृथ्वी फिरती ना." मी ते वहीत लिहून घेतलं. शिवाय तसं मारलं की चेंडू खरंच भोकात जायचा, मग शंका घेणारे आपण कोण?

घरात त्यांचं काही चालत नव्हतं. शेती भाऊ बघायचा, आणि थोरला मुलगा त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नसे. 'सर' ही हाक त्यांना आमच्यामुळे मिळाली होती. भर बाजारात कुणी तशी हाक मारली की मेथीची जुडी काखेत धरून ते थांबायचे, आणि आजूबाजूच्यांनी ऐकलं का ते बघायचे.

मग एकदा महाळुंगे पडवळला लग्नासाठी एक बाई आल्या. राज्य पातळीवर खेळलेल्या, खऱ्या प्रोफेशनल. दिनकरने त्यांना एक दिवस शिकवायला बोलावलं. पहिला चेंडू त्यांनी मारला आणि हुकला. दुसराही हुकला. सर पुढे सरकले आणि मायेने म्हणाले, की मॅडम, दोन बोटं सोडा.

बाईंनी चेंडू टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हात काढून घेतला. चेंडू आपला आपण मोरीकडे चालू लागला. दुधाचे कॅन धुतलेलं पाणी निघून जावं म्हणून त्या फरशीला उतार ठेवलेला होता, आणि टेबल मांडताना कुणाच्या बापाला ते सुचलं नव्हतं. शेजारच्या बांधकामावरून गवंड्याची पाणसळ आणली, दोन पायांखाली फळकुटं सारली आणि टेबल सपाट केलं.

मग आम्ही एकेक जण खेळलो. एकाचाही चेंडू जाईना. सगळे दोन बोटं सोडून मारत होते. बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं? आम्ही सगळे फरशीकडे बघू लागलो. सर थोडं थांबले असते तर विषय निघून गेला असता.

"मी शिकवलं," सर म्हणाले. "ह्यांचा दोष न्हाई."

त्या दिवशी ते रांगेत आमच्यामागे उभे राहिले आणि लेकीच्या वयाच्या बाईकडून काठी धरायला शिकले. त्यानंतर त्यांनी कुणालाही शिकवलं नाही. आम्ही सर म्हणालो तर म्हणायचे, नुसतं भाऊ म्हणा. माझ्या घरी येऊन त्यांनी वही मागितली आणि पृथ्वीवर स्वतःच्या हाताने काट मारली. मला हसू आलं, आणि मग हसल्याची लाज वाटली.

चारेक वर्षांनी ते गेले. दहाव्याला तळेघरच्या शाळेतले एक गुरुजी आले होते. बाई येण्याआधीच तिकडे बदली झाली म्हणून त्यांनी आमचा क्लास अर्धा सोडला होता. ते सांगत होते, की एका दुपारी सर वर डोंगरात त्यांच्याकडे आले. एसटीने जिथे सोडलं तिथून पुढे भाताच्या बांधांवरून चालत, चपला हातात धरून. गुरुजींना वाटलं, कुणी वारलं. सर म्हणाले, ते दोन बोटांचं चुकीचं होतं, सरळ मारायचं.

"सर, हितं टेबल कुठंय?" गुरुजी म्हणाले. "पार भीमाशंकरपर्यंत हुडकलं तरी घावायचं न्हाई."

"नसू दे. डोक्यात चुकीचं ऱ्हायला नको."

एवढं बोलून ते तांब्याभर पाणी प्यायले आणि आल्या वाटेने परत निघाले.