घाटातली उटी
आता पिरंगुटचा घाट गाडी कधी चढून जाते ते कळतही नाही. मला मात्र अजून तिथं आपोआप इंजिनाचा आवाज ऐकायची सवय आहे.

साठ सालच्या आगेमागे मी ट्रक घेतला, तेव्हापासून आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलेनासे झाले. उभा जन्म त्यांनी मुळशीचं भात बैलगाडीनं पुण्याला नेलं होतं. ट्रक आले आणि बैलगाडीला कुणी विचारेना. बैलं गेली, गाडी मोडली, पण लाकडी उटी त्यांनी जपून ठेवली. घाटात बैलं दमली की गाडी मागं सरू नये म्हणून ती चाकामागं लावायची. गाडीवान आपली उटी दुसऱ्याच्या गाडीत कधी ठेवत नसे. माझा ट्रक आबांच्या लेखी दुसऱ्याचाच होता.

मला त्यांचा फार राग यायचा. खरं सांगायचं तर त्यांनी एकदा माझ्या शेजारी बसावं, एवढीच माझी आस होती. एका सुगीला आईनं मागं लागून त्यांना केबिनमध्ये बसवलं. गुंडाळलेली घोंगडी मांडीवर घेऊन ते बसले, आणि पौडपासून पिरंगुटपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिले.

म्हटलं, आता दाखवतोच यांना ट्रक काय चीज असते. शहाणा ड्रायव्हर घाटाच्या पायथ्यालाच खालचा गिअर टाकतो. त्यात इंजिन भराभर फिरतं, चाक सावकाश फिरतं, पण चाकात जोर येतो. मी दीडशहाणा. तिसऱ्यावरच पाय दाबून गाडी पळवली आणि पहिलं वळण झोकात घेतलं. दुसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज बसत चालला, भाताची पोती मागं ओढू लागली. घाईघाईनं दुसरा टाकायला गेलो. त्या काळचे गिअर मधे न्यूट्रलला थांबून, रेस देऊन, इंजिनाचा वेग जुळवल्याशिवाय पडत नसत. माझी रेस द्यायची राहिली. नुसता खडखडाट झाला, ब्रेकही भरल्या गाडीला पुरेनात. ट्रक मागं सरकू लागला आणि माझी पाचावर धारण बसली.

आबांनी दार उघडून उडी मारली. घोंगडीतून उटी काढून मागच्या चाकाखाली सारली. ट्रक कचकन थांबला. म्हणजे घरातून निघतानाच त्यांनी ती बरोबर घेतली होती! माझ्यावर भरवसाच नव्हता, या विचारानं माझी मान वर होईना.

ते खिडकीशी आले. "वरडून वजं वर जात न्हाई रं. बैलाला त्येच्या पावलानं चालू दे."

"पयल्यावर घेतो," मी म्हणालो.

"घे. मी हाय मागं."

पहिल्या गिअरवर ट्रक माणसाच्या चालीनं चढू लागला. इंजिन एका सुरात घुमत होतं. आरशात आबा दिसत होते, हातात उटी घेऊन चाकामागून चालणारे, बैलगाडीमागं चालत तसेच. त्यांना पाहून मला रडूच आलं. माथ्यापर्यंत मी दुसरा टाकलाच नाही.

वर आल्यावर ते केबिनमध्ये चढले, उटीची माती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि ती सीटखाली सरकवली. पुण्याला पोती उतरवून आम्ही दिवस मावळायच्या आत घरी आलो. आबा घोंगडी तेवढी घेऊन खाली उतरले.

"आबा, उटी राह्यली की."

"राहू दे," ते न वळताच म्हणाले. "आपल्याच गाडीत हाय न्हवं?"