चौथ्या रविवारची चांदणी

“अजून लाइन क्लियर नाई, मास्तर.” एवढं म्हणून आमचे शेजारी हाताचा पंजा आडवा धरत. जणू समोरून मेल गाडीच येते आहे.

अकोल्याला स्टेशनमागच्या आळीत त्यांच्या आणि माझ्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत होती. ते स्टेशनच्या केबिनीत सिग्नलचे खटके ओढत, मी शाळेत गणित शिकवी. वाट मोकळी असल्याचं पुढच्या स्टेशनानं कळवलं की ती लाइन क्लियर. त्याशिवाय गाडी हलत नाही. हा नियम त्यांनी घरालाही लावला होता. मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्यांनाही हाच पंजा दाखवला होता म्हणतात.

ते ख्रिस्ती होते. दुष्काळात आईबाप गेले आणि ते मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. नाताळला ते बडा दिन म्हणत. नाताळ सुरू कधी करायचा, यावर त्यांच्या घरात दरवर्षी वाद होई. बायकोचा नाताळ आमच्या भाऊबिजेलाच सुरू होई. जात्यावर बसली की ती नाताळची गाणी म्हणायला लागे. हे ओसरीवरून ओरडत, “अवो, सिंगल पडलं नाई अजून!”

“तुमचं सिंगल तुमच्या केबिनीत ठेवा,” आतून उत्तर येई आणि गाणं थोडं मोठं होई.

यांचा हिशेब ठरलेला. बड्या दिनाआधीचा चौथा रविवार. त्या दिवशी प्रार्थना करून आल्यावर दिवेलागणीला चांदणी टांगायची. तोवर गाणं नाही, करंजी नाही. नागपूरहून शाळेत सुट्ट्यांची यादी आली की ते माझ्याकडून रविवार मोजून घेत आणि मग स्वतः बोटांवर पुन्हा मोजत. मला त्यात अपमान वाटला नाही. मीही तेच केलं असतं.

“एवढं कडक काहून?” मी एकदा विचारलं.

“आश्रमात आमाले गुळाची भेली भेटे, बड्या दिनाची. एका साली मी ते आदल्या हप्त्यातच खाल्ली. बड्या दिनाले सारी पोरं खाऊन राहिली, अन् मी पाहून राहिलो.” ते हसले. “तवापासून आधी काई नाई.”

चांदणी मात्र दोन घरांत एकच. बुरुडाकडून मी दिवाळीसाठी पाच कोनांचा कामट्यांचा सांगाडा करून घेतला होता. त्यावर लाल-हिरवा कागद लावून आम्ही तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आकाशकंदील म्हणून टांगत असू. मग कागद काढून सांगाडा भिंतीवरून पलीकडे जाई. तिथे त्याला पांढरा कागद लागे. जानेवारीत तो उघडा, स्वच्छ पुसून परत येई. खळीचा कणसुद्धा राहत नसे.

एका वर्षी अधिक महिना आला आणि दिवाळी लांबली. त्याच दिवाळीत त्यांची बायको अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी सांगितलं, आता दिवस मोजायचे. ती रोज विचारू लागली, “चांदणी कवा लावता?” हे म्हणत, “रविवारी.”

माझी बायको मला म्हणाली, “आपली देऊन टाका न त्याईले.”

मी पंचांग आणि सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवून पाहिलं. पौर्णिमा शनिवारी, त्यांचा चौथा रविवार दुसऱ्याच दिवशी. “बरोबर बसतं,” मी म्हणालो. “एक दिवससुद्धा वाया जात नाही.” असं जुळलेलं गणित पाहून मला समाधान वाटलं होतं, हे लिहायला आज लाज वाटते.

बुधवारी दुपारी ते भिंतीशी येऊन उभे राहिले. अंगावर रेल्वेचा कोट होता. कामाच्या वेळी ते घरी आलेले मी प्रथमच पाहत होतो.

“मास्तर, चांदणी द्या.”

“आज? अजून पौर्णिमा...” मी बोलून गेलो.

“तिले रविवार दिसत नाई, मास्तर.”

मी स्टूल आणलं. घाईत कंदील उतरवताना एक कामटी मोडली. माझी बायको म्हणाली, “पुनवेले पणतीनं भागंल,” आणि तिनंच ती कामटी सुतळीनं बांधली. कागद आम्ही तिघांनी लावला. त्यांच्या बायकोची खाट ओसरीवर आणली. दिवेलागणीला चांदणी वर गेली, एका कोनात जरा वाकडी.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, “आज टाइम चुकला तुमचा.”

“चुकला,” ते म्हणाले.

“मंग म्हणा आता.” आणि त्या माणसानं, आमच्यासमोर, बेसूर आवाजात नाताळचं गाणं म्हटलं. ती ओठ हलवत होती.

शुक्रवारी पहाटे ती गेली.

पुढच्या वर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्याच दिवशी मी आकाशकंदील उतरवला आणि सांगाडा घेऊन भिंतीशी गेलो. त्यांनी पंजा आडवा धरला. “तुमची पुनव व्हाची हाय, मास्तर. आता घाई कोनासाठी करू?”

त्यानंतर चार वर्षं चांदणी चौथ्या रविवारीच लागली. मग ते निवृत्त होऊन अमरावतीला मुलीकडे गेले. जाताना सांगाडा भिंतीवर ठेवून गेले होते. पांढरा कागद तसाच होता. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी तो काढला नव्हता. सुतळीची गाठही तशीच होती. पुढच्या उन्हाळ्यात ते वारल्याचं मुलीचं कार्ड आलं.

त्या दिवाळीला बायकोनं लाल-हिरवा कागद आणला आणि तो पांढऱ्यावरूनच चिकटवला. पौर्णिमा झाली, तसा मी स्टुलावर चढलो. वरचा कागद काढला. खालचा पांढरा दिसला आणि माझा हात थांबला.

“उतरवता न?” बायकोनं विचारलं.

मी उतरवली नाही. आमच्या दारात ती आता बड्या दिनापर्यंत असते. पंचांगात याला कुठेही आधार नाही. मी दोनदा पाहिलं आहे.