त्या खुर्च्या पुन्हा आत नकोत

सुशीलाबाईंची आणि माझी पहिली भेट माझ्या एका खोट्या बातमीमुळे झाली. मी तेव्हा कर्जत तालुक्यात एका दैनिकाचा नवा वार्ताहर होतो. संस्कृत घेऊन एम. ए. झालेलो, विशेषणांचा साठा भरपूर आणि फिरायला मोटारसायकल नाही, अशी अवस्था. मिरजगावच्या पलीकडच्या बाईंच्या गावातून ग्रामसेवकांचा फोन आला आणि मी ‘ग्रामसभा अभूतपूर्व उत्साहात संपन्न’ असं छापून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी एक शिक्षिका एस. टी. ने कर्जतला आल्या. माझ्या टेबलावर अंक ठेवून म्हणाल्या, “सभा तहकूब झाली, माणसं जमली नाहीत म्हणून. हा उत्साह तुम्ही कुठून आणलात?”

मी ग्रामसेवकांचं नाव पुढे केलं.

“पुढच्या सभेला या. विशेषणं घरी ठेवून या.” एवढं बोलून त्या निघाल्या. परतीची गाडी चुकेल म्हणून पाण्यालाही थांबल्या नाहीत.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी गौरव समितीने ‘लेख गोड असावा’ असं कळवलं आहे. समितीचे अध्यक्ष माजी सरपंच आण्णा आहेत, हे ध्यानात घेता ते मला जमणार नाही. संपादकांनी हा लेख छापला असेल, तर बाईंच्या आधी त्यांचाच सत्कार व्हायला हवा.

‘तरुणांनी पुढे आलं पाहिजे’ हे वाक्य मी आजवर किती व्यासपीठांवरून ऐकलं, याला मोजदाद नाही. बोलणारा प्रत्येक जण ते डोळे मिटून म्हणतो. डोळे उघडले आणि समोर खरंच कुणी तरुण पुढे आलेला दिसला, तर पंचाईत! त्यासाठी आमच्याकडे तहकुबीची सोय आहे. ग्रामसभेला पुरेशी माणसं आली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा किती माणसं हवीत, याचं बंधन उरत नाही. म्हणून पहिल्या सभेची नोटीस गुपचूप लावायची, आणि दुसरी सभा मुलं कॉलेजात नि कामावर असताना घ्यायची. आठ माणसं, चहा, आणि सगळे ठराव मंजूर. वर्षानुवर्षे हे असंच चाललं, आणि त्यातली कितीतरी वर्षे मी ते ‘संपन्न’ म्हणून छापलं. राग आहे तो माझ्यावरही आहे.

बाईंनी यावर भाषण केलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी दर रविवारी, चर्चमधली उपासना आटोपली की, शाळेच्या ओट्यावर गावातल्या मुलामुलींची खोटी ग्रामसभा भरवायला सुरुवात केली. एकाने सरपंच व्हायचं, एकाने ग्रामसेवक, बाकीच्यांनी अडवायचं. सरपंच झालेला मुलगा फार सभ्य वागला, तर बाई ओरडायच्या, “अरे, नीट टाळ की प्रश्न! खरा सरपंच असा उत्तर देतो व्हय?” त्यांची शिकवण साधी होती. नोटीस कधी लागते यावर डोळा ठेवा, पहिल्याच सभेला जा, आणि इतिवृत्त लिहून, वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, उठूही नका.

गेल्या वर्षीच्या एका ग्रामसभेत या शिकवणीची परीक्षा झाली. गावात तरुणांसाठी अभ्यासिका बांधलेली आहे. फीत कापली गेली, फोटो निघाले (बातमी माझीच), आणि त्याच आठवड्यात कुलूप लागलं. आत आण्णांच्या पुतण्याच्या मंडप व्यवसायाच्या खुर्च्या राहतात, आणि किल्ली आण्णांकडे. मुलं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास देवळाच्या पायऱ्यांवर करतात, खुर्च्या मात्र पंख्याखाली. त्या दिवशी मुलांनी सभा भरून टाकली. तहकुबीला जागाच उरली नाही. तलाठी परीक्षेची तयारी करणारी प्रियांका उठली आणि तिने किल्ली मागितली.

आण्णा हसले. “पोरी, तुमी अजून ल्हान हाय. जरा दमानं घ्या.”

मागच्या रांगेतून बाई म्हणाल्या, “आण्णा, तुम्ही सरपंच झालात तेव्हा किती वर्षांचे होतात?”

“आता त्याचं काय, बाई...”

“सत्तावीस. मी तुम्हाला चौथीत शिकवलंय, वय मला सांगू नका. ही अठ्ठावीसची आहे.”

सभेत हशा पिकला. अभ्यासिका मुलांना उघडून देण्याचा ठराव झाला. ग्रामसेवक नेहमीप्रमाणे म्हणाले, “सह्या करून ठेवा, मी सावकाश लिहितो.” प्रियांका म्हणाली, “आदी ल्हिवा. आमी बसलोय.” आणि सगळी मुलं बसून राहिली. दुपार कलली तरी कुणी हललं नाही. शेवटी ठराव लिहिला गेला, मोठ्याने वाचला गेला, आणि मगच सह्या झाल्या. त्या दिवशीची बातमी मी तिथे बसून लिहिली. तीत एकही विशेषण नव्हतं.

त्यानंतर जे झालं त्याला मर्दुमकी म्हणत असतील, तर तो शब्द कोशातून काढावा. प्रियांकाच्या वडिलांचा टेम्पो आहे. त्यांना भाडी मिळेनाशी झाली. “पोरीला आवर” असा निरोप आला. वडील घाबरले, प्रियांका सभेला जायचं बंद करते म्हणाली. बाई त्यांच्या घरी गेल्या, चहा घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून पांढरी साडी, छत्री, पिशवी अशा थाटात टेम्पोत पुढे बसून मिरजगावच्या बाजाराला जाऊ लागल्या. प्रत्येक वळणावर माजी विद्यार्थी. “काय रे, कांदा न्यायचाय ना? मग हा टेम्पो काय वाईट हाय?” महिनाभरात भाडी परत आली. बाईंची कंबर मात्र धरली, आणि हे कुणाला सांगू नको, असं त्यांनी मला बजावलं होतं.

किल्ली अजून आण्णांकडेच आहे. आणि आता त्याच अभ्यासिकेसमोर, त्याच मंडपात, त्याच खुर्च्या मांडून बाईंचा सत्कार आहे! व्यासपीठावरच्या अकरा नावांत प्रियांका नाही. तिच्याकडे पाणीवाटप आहे. समितीच्या लक्षात न आलेली गोष्ट एवढीच की, सत्कारासाठी खुर्च्या बाहेर काढल्या की खोली रिकामी होते. बाईंच्या ती लगेच लक्षात आली. त्यांनी एका अटीवर होकार दिला: “बाहेर आलेल्या खुर्च्या पुन्हा आत जाणार नाहीत.” आण्णा “बघू” म्हणाले. ‘बघू’चा अर्थ या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

बाईंना दीर्घायुष्य चिंतताना मला ठेवणीतले वेदमंत्र आठवतात, पण ते राहू देत. बाईंनी शंभरी गाठावी, आणि धडधाकट गाठावी, कारण त्या थकण्याची वाट पाहणारी माणसं या गावात पुष्कळ आहेत. त्यांची निराशा व्हावी, ही माझी मनापासून शुभेच्छा.

आणि वाचकहो, हा ग्रंथ हाती पडेल तेव्हा आपण त्या मंडपातच असाल. हारतुरे होतील, आभार मानले जातील, आणि कुणीतरी येऊन आपली खुर्ची मागेल. बाईंच्या विद्यार्थ्यांसारखं करा. अभ्यासिकेत मुलं जाऊन बसेपर्यंत उठू नका.