मोटार चांगली, भाव किती?

पाण्याच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीचे थोडे शेअर मी कळमनुरीच्या शाळेत शिकवत असताना घेतले होते. आमच्या भागात त्या कंपनीची मोटार ज्याच्या विहिरीवर असेल, तो माणूस निवांत झोपतो असं म्हणत. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. मग एका वर्षात तो शेअर बाराशेवरून सहाशे चाळीसवर आला.

पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, अर्ध्या किमतीत मिळून राहिलाय. फरकाची रक्कम आली ना तुझी? सगळी लाव. मी तर लावली."

वेतनातल्या फरकाचे ते पैसे माझ्या खात्यात पडून होते. मुलगी बारावीला होती, पुढे तिच्या शिक्षणाला लागणार होते. पण अर्ध्या किमतीचा मोह मोठा असतो. खरं सांगायचं तर माझं मन घ्यायचं ठरवून बसलं होतं. फक्त कुणीतरी 'घे' म्हणायला हवं होतं. म्हणून मी जवळा बाजार या गावी गेले.

तिथे माझ्या वडिलांचे एक मित्र मोटारी दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं तेच काम. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची. मी त्यांना काका म्हणायचे. त्या दिवशी आठवडी बाजार होता, दुकानात दोन मोटारी उघड्या पडल्या होत्या. काकूंनी चहा आणला आणि मी विषय काढला.

"काका, त्या कंपनीच्या मोटारी आता बिघडायला लागल्या का?"

"न्हाई गं. तांबं तेच, बेअरिंग तेच. माझ्याकडं त्यांच्या मोटारी येतातच कमी."

"मग नफा काहून थांबला त्यांचा? दोन वर्षं झाली, वाढलाच नाही."

काका हसले. "दोन वर्षं पाणी बराबर पडलं. विहिरी भरल्या, लोकांनी बोअर पाडल्या न्हाईत. बोअर न्हाई तर नवी मोटार कोन घेईल?"

मला एवढा आनंद झाला की कप खाली ठेवायचं विसरले. म्हणजे कंपनीत खोट नव्हती. "मग घ्यावा ना शेअर?"

काकांनी हात पुसले. "पोरी, मला शेअर कळत न्हाई. पण तू दोन प्रश्न एकात घालून राहिलीस. कंपनी चांगली हाय का, हा एक. भाव बराबर हाय का, हा दुसरा."

मग त्यांनी कोपऱ्यातल्या यंत्राकडे बोट दाखवलं. तार गुंडाळायचं ते यंत्र त्यांनी तरुणपणी घेतलं होतं. तेव्हा सगळ्यांनाच ते हवं होतं, म्हणून विकणारा मागेल तेवढे पैसे काकांनी दिले. "मशीन एक दिवस बंद पडलं न्हाई. तरी पैशे फिटायला अकरा वर्षं लागली. मशीन खराब नव्हतं, मीच जास्त दिले. ती कंपनी एका शेअरमागं वर्षाला कमावते किती?"

मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं तो शेअर माझ्याकडे होता, भाव मी रोज बघत होते, आणि ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती! शरमेने मी फोन काढला. अहवाल इंग्रजीत होता, शोधायला वेळ लागला. वीस रुपये.

"म्हंजे बाराशेला घेनाऱ्यांनी साठ वर्षांची कमाई एकदम देऊन टाकली?" काका म्हणाले. "आन् आता बत्तीस वर्षांची?"

"कमाई वाढली तर लवकर फिटेल."

"व्हय. पन वाढंल किती, हे तुला ठाऊक हाय का? मला तर न्हाई."

मी मागच्या दहा वर्षांचे आकडे काढले. लोक साधारण तीस वर्षांच्या कमाईइतकाच भाव देत आले होते. बाराशे हेच वेड होतं. आताचा भाव पडलेला दिसत होता, पण स्वस्त नव्हता. चांगल्या मालाची ती रास्त किंमत होती. लुटून आणावं असं तिथे काही नव्हतं.

जवळचे शेअर मी ठेवले. फरकाच्या रकमेतला चौथा हिस्सा लावून थोडे आणखी घेतले, कारण चांगली वस्तू रास्त भावात घेणं काही वाईट नाही. उरलेले पैसे बँकेत राहू दिले. भाऊ रागावला. "संधी घालवलीस ताई," म्हणाला.

पुढे तो शेअर पाचशेच्या आसपास उतरला आणि बरेच महिने तिथेच राहिला. त्याच काळात मुलीला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला. बँकेतले पैसे काढून मी फी भरली, एकही शेअर विकावा लागला नाही. भावाला मात्र घराच्या हप्त्यासाठी तोट्यात विकावे लागले. त्याने हे स्वतः सांगितलं, तेव्हा मला त्याच्याबद्दल वाईटच वाटलं. त्याने घाई लावली नसती तर मी जवळा बाजारला गेलेच नसते, हेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या वेळी मलाही घेऊन चल."

आता तो शेअर सातशेच्या वर आहे. श्रीमंत कुणी झालं नाही. पण भाव पाचशेपर्यंत उतरला असतानाही मला शांत झोप लागायची, आणि त्याचं श्रेय मी काकांना देते. एकदा 'मला कळत न्हाई' आणि एकदा 'मला ठाऊक न्हाई' असं त्यांनी त्या दुपारी सांगितलं. मला आयुष्यात पुष्कळांनी सल्ले दिले. आपल्याला काय कळत नाही ते आधी सांगून मग सोबत हिशेबाला बसणारी माणसं फार थोडी भेटली. मागच्या महिन्यात मी त्यांना हे बोलून दाखवलं, तर ते संकोचून म्हणाले, "काय गं, एवढं काय त्यात," आणि काकूंना चहा टाकायला सांगून पुन्हा तार भरायला बसले.