विमानाचं काळं पोट

ऑर्विन टॅलमनचे कान गेले आहेत, हे त्याच्या बायकोला, मेव्हिसला, कुणा डॉक्टरने सांगितलं नाही. विमानाच्या पोटाने सांगितलं.

दर शनिवारी ती विमानाखाली चटई टाकायची, कण्हत-कुथत आत शिरायची आणि धुराने माखलेलं पोट चिंध्यांनी पुसून काढायची. लग्न झाल्यापासून हे काम तिचंच. ऑर्विनच्या विमानाचा डाग राखाडी, हलका. एक हात फिरवला की गेला. त्या वसंतात मात्र चिंधी काळीकुट्ट झाली. दुसरी घेतली, तीही काळी. तव्याच्या बुडासारखी काजळी. मेव्हिस चिंधी हातात धरून तशीच विमानाखाली पडून राहिली.

त्यांच्या होल्ट लँडिंग गावाला रस्ता येत नाही. अलास्काच्या त्या भागात तो कुठेच जात नाही. टपाल, बटाटे, बाळंतिणी, शवपेट्या, सगळं ऑर्विनच्या एका इंजिनाच्या विमानातून जायचं. आणि अशा विमानात पायलटच्या हाताशी एक लाल मूठ असते. वर हवा विरळ, तेव्हा पेट्रोलही कमी हवं. मूठ बाहेर ओढली की ते कमी होतं. फार ओढली तर इंजिन खोकतं, सिलिंडर तापून जळायची भीती. ओढलीच नाही तर इंजिन थंड राहतं, पण काजळी धरतं आणि टाकी वेळेआधी तळाला जाते. ऑर्विन ही मूठ कानाने ओढायचा. इंजिन जरासं अडखळलं की केसभर आत. काटे खोटं बोलतात, इंजिन बोलत नाही, असं तो नव्या पायलटांना ऐकवायचा.

पोट काळं, म्हणजे गडी मूठ ओढतच नव्हता. अडखळणं ऐकू येत नव्हतं, म्हणून घाबरत होता. चाळीस वर्षं वादळांना न घाबरलेला माणूस!

मेव्हिसने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर पायलटांच्या तपासणीचा डॉक्टर, मग परवाना रद्द, मग संपलंच. विमान काढून घेतल्यावर ऑर्विनचा उरणार काय? खिडकीशी बसलेला स्वेटर. आणि गप्प राहिलं तर एक दिवस पेट्रोल संपून तो स्प्रूसच्या झाडांत उतरणार. दोन्हीकडून तीच पोळणार होती.

तिने एक खोटं मात्र बोलून टाकलं. विमा कंपनीची अट आहे म्हणाली आणि मेकॅनिककडून नवं यंत्र बसवून घेतलं. सहा सिलिंडर, सहा उभे पट्टे. कुणाचा धूर किती तापलाय ते पट्टे चढून-उतरून सांगायचे. ऑर्विनने त्यावर आपली टोपी अडकवली.

"मला विमानात टीव्ही नको."

"मग मी येते बरोबर. घरी मला कंटाळा येतो."

"तुला? कंटाळा?" त्याने तिच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या सीटवरची टपालाची पिशवी मागे टाकली.

ऑगस्टमध्ये नास्तास्या मावशीला शहरातल्या इस्पितळातून तुलिक गावी पोचवायचं होतं. मावशी नदीकाठच्या, मूळच्या तिथल्याच युपिक लोकांतली, पंच्याऐंशीची, खुबा नवा, जीभ जुनीच. मागच्या सीटवर ती सुकवलेला सॅमन मासा चघळत बसली. वाटेत समोरून असा वारा सुटला की खालची नदी हलेचना.

"ह्या वेगाने माझा नवा खुबाही जुना होईल," मावशी हेडफोनमध्ये ओरडली.

मेव्हिस पेट्रोलच्या काट्यांकडे बघत होती. मागे धुकं दाटलं होतं, वळायची सोय उरली नव्हती, आणि पुढे तुलिकपर्यंत उतरायला धड वाळूचा पट्टाही नव्हता.

"मूठ ओढ, ऑर्विन."

त्याला ऐकू गेलं नाही. तिने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली आणि तोंड त्याच्यासमोर नेलं.

"लाल मूठ! ओढ!"

"ओढली आहे."

"नाही ओढलीस. वसंतापासून ओढत नाहीस. पोट मी पुसते, तू नाही."

ऑर्विन समोर बघत राहिला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"सिलिंडर जळेल," तो शेवटी म्हणाला. "कुठे थांबायचं ते मला कळत नाही, मेव्ह."

"मला कळतं. मी वाचते."

तिने यंत्रावरची टोपी काढून मागे फेकली. त्याच्या हातावर हात ठेवला, आणि दोन म्हातारे हात ती मूठ हळूहळू फिरवत बाहेर घेऊ लागले. पट्टे चढले. तिसरा सगळ्यांच्या आधी टोकाला पोचला आणि खाली वळला. इंजिन थरथरलं.

"काय झालं त्याला? सर्दी?" मागून प्रश्न आला.

मेव्हिसने हात दाबला. मूठ जराशी आत गेली. थरथर थांबली, पट्टे बसले, आणि तासाला किती पेट्रोल जळतंय तो आकडा उतरला. तिने हात काढला नाही. त्यानेही काढू दिला नाही.

तुलिकला उतरले तेव्हा टाकीत थोडंफार हलत होतं. मावशीचे नातू चार जाड चाकांची फटफटी घेऊन आले होते. त्यांच्या खांद्यांवर भार टाकून ती ऑर्विनसमोर उभी राहिली आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडली, "पोरा, तुला ऐकू येत नाही हे अख्ख्या नदीला ठाऊक आहे. आम्ही एवढे ओरडतो ते काय, तुझ्यावर राग आहे म्हणून?"

ऑर्विन सत्तरीचा, पण शाळेतल्या मुलासारखा खाली बघू लागला. "मग बसता कशाला माझ्या विमानात?"

"बायको बसते ना शेजारी! ती नसती तर मी खुबा घेऊन होडीने आले असते." तिने उरलेला मासा त्याच्या खिशात कोंबला आणि ती गेली.

विमानाच्या चाकाशी दोघं उभे राहिले. वारा होताच. ऑर्विन टाकी भरून आला, हात पँटला पुसले, पुन्हा पुसले.

"सोमवारी त्या तपासणीच्या डॉक्टरला फोन करायचा," तो म्हणाला.

"कर."

"तूच कर. मी केला तर तिकडून काय म्हणतात ते मला कळायचं नाही." मग जरा थांबून, "परवाना गेला तर?"

"गेला तर गेला. मी शिकते. तू शेजारी बसून शिव्या दे."

तो हसला, आणि हसता हसता त्याने डोळे बाहीला पुसले. मेव्हिसने तिकडे पाहिलं नाही. तेवढी अक्कल तिला होती.

परतताना मूठ तिनेच ओढली. ऑर्विनला कितीतरी महिन्यांनी खिडकीबाहेर बघायला सवड झाली होती. नदीच्या वळणावर एक थोराड मूस हरीण गुडघाभर पाण्यात उभं होतं, ते त्याने तिला बोटाने दाखवलं.

"नंतर," मेव्हिस पट्ट्यांवरची नजर न काढता म्हणाली.