मामाच्या भजनावर मोजलेली धाव

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पोलीस भरतीचं माझं ते शेवटचं वर्ष. पुढच्या भरतीला वय बसणार नव्हतं. पाच किलोमीटर वेळेत पळालो तर नोकरीची आशा, न्हाई तर जन्मभर बापाच्या हाताखाली औत.

मला तयार करायचं मामानं अंगावर घेतलं. मामा जुना पहिलवान, अन् भजनीही. त्याच्या तालमीत भांगेची गोळी नुसती शिवरात्रीला नव्हे, रोजच चालायची. "भांगेनं दम वाढतो, बराबर ध्यानात ठेव," म्हणायचा. मी ठेवलं. गोळी घेतली की छाती धाडधाड उडायची, मला वाटायचं हीच ताकद. तोंडाला कोरड पडायची, तर मामा म्हणायचा अंगातली गरमी निघून राहिली.

घड्याळावर मामाचा भरवसा नव्हता, भजनावर होता. कनेरगाव नाक्याच्या सडकेवर मी पळायचो अन् तो किलोमीटरच्या दगडावर बसून टाळ वाजवत ठरलेली तीन भजनं म्हणायचा. तिसरं संपायच्या आत परत आलो की पास. सुरुवातीला मी भजन संपल्यावर उगवायचो. गोळी सुरू झाल्यावर आत येऊ लागलो. दोघंही खूश. फक्त आम्हा दोन शहाण्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. गोळी मामाही घ्यायचा, अन् डुलत डुलत त्याचं भजन लांबत चाललं होतं.

भरतीच्या दिवशी गोळी खाऊनच मैदानात उतरलो. पाय जमिनीला लागत नव्हते जणू. पोरं शेजारून पुढं निघून जात होती. मला वाटलं, ही मागं पडलेली पोरं, मीच त्यांच्यावर एक फेरी चढवली. हात वर करून रेषा ओलांडली तर शिट्टीवाला हवालदार म्हणाला, "हात कोणाला दाखवतो? टाइम कवाच संपला." मी त्याच्याशी भांडलो. तुमचं घड्याळ बिघडलंय म्हणालो. आठवलं की आजही लाज वाटते.

मामा म्हणाला, मैदान मोठं आखलं असंल. मलाही पटलं. का जेवण कमी पडलं? का नजर लागली? काही उमगेना. पंधरा दिवस गोळीला हात लावला नाही, मग शेजारच्या मास्तरांचं घड्याळ मागून आणलं अन् त्याच सडकेवर एकटा पळालो. वेळेत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेळेत. तिसऱ्या दिवशी मुद्दाम गोळी खाऊन पळालो. वाऱ्यासारखा पळालो असं वाटलं, अन् घड्याळात बघतो तर कितीतरी उशीर. याच चालीवर मामाकडं पास व्हायचो, म्हणजे त्याचं भजनच लांबलं होतं. आता माणसानं भरवसा ठेवायचा कशावर? स्वतःच्या अंगावर का दुसऱ्याच्या घड्याळावर?

पेटून मामाकडं गेलो. तो गोठ्यात वैरण टाकत होता. "तुझ्या गोळीनं माझी नोकरी घालवली," म्हणालो अन् सगळं सांगून टाकलं. त्याच्या लांबलेल्या भजनाचंसुद्धा.

मामा खाली बसला.

"भरती हाये का आता दुसरी?"

"तुला ठावं हाये. न्हाई."

"मंग काहून सांगून राहिला, लेकरा?"

सांगितलं ते चुकलं का बरं झालं, हे अजूनही कळत नाही. त्या दिवसानंतर मामा जगला बरीच वर्षं, पण मला कधी कुठली गोष्ट ठामपणे सांगितली नाही. काही विचारलं की म्हणायचा, "तूच बघ बाबा."